अलिबागची शांतता कुणी घडवली? : एक इतिहासधागा

१/
शनिवारची पहाट झाली की रोडपाली-कळंबोलीच्या चौकांतून दक्षिणेकडे वळणाऱ्या मोटारींची रांग लागते. पळस्पे, पेण, वडखळ आणि मग अलिबाग. जेमतेम सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरांचा प्रवास. तिथे समुद्र आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, ओहोटीला पायी गाठता येईल असा किल्ला आहे आणि त्याहून मोलाचा असा निवांतपणा आहे. हा निवांतपणा निसर्गाने दिलेला आहे, असे पाहुण्याला वाटते. इतिहासाची कागदपत्रे मात्र निराळी हकीकत सांगतात.

२/
गावे आपोआप शांत होत नाहीत. अलिबागच्या बाबतीत एक राज्य बुडाले, एक खाडी दीर्घकाळ आडवी राहिली, एका वेधशाळेला विजेपासून दूर जागा हवी होती, एका नवाबाला शिकारीसाठी रान राखायचे होते, आणि पंचवीस गावांतील कुळांनी सहा वर्षे नांगर खाली ठेवला होता. आज जी शांतता अनुभवायला आपण जातो, ती या साऱ्यांतून घडलेली आहे. ती कुणी घडवली आणि तिची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासाठी हा धागा.

३/
प्रारंभ रोडपालीपासूनच करू. १८६९ मध्ये कुलाबा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अलिबाग त्याचे मुख्य ठाणे. पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. १८८३ मध्ये ते कुलाब्याला जोडले गेले. तेव्हापासून पनवेल तालुक्यातल्या माणसाला अलिबागची वाट धरावी लागली ती कचेरीसाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, जमिनीच्या कागदासाठी. आजचा रोडपालीकर जिथे सुट्टी घालवायला जातो, तिथे त्याचे पूर्वज बगलेत कागदांचे पुडके मारून जात. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड झाले. मुख्यालय मात्र अलिबागच राहिले.

४/
अलिबाग हे तसे अलीकडचे शहर. त्याच्याभोवतीचा 'अष्टागर' हा आगरांचा, म्हणजे बागायतींचा पट्टा कितीतरी जुना. आक्षी, नागाव, चौल, थळ, किहीम ही त्यातली ठळक नावे. आक्षीचा शिलाहारकालीन शिलालेख इ.स. १०१२ चा मानला जातो आणि अनेक अभ्यासक त्याला मराठीतील आद्य ज्ञात शिलालेखांत गणतात. चौल तर प्राचीन काळापासूनचे नामांकित बंदर. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच बंदरात उतरला. वास्को द गामा भारतात पोहोचण्याच्या सुमारे तीस वर्षे आधीची ही घटना.

५/
याच किनाऱ्यावर, नवगावजवळ, आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि वाचलेली मोजकी कुटुंबे इथेच रुजली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते. हे लोक मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी काम बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले. अली नावाच्या एका धनिक बेने इस्रायली गृहस्थाच्या बागांवरून 'अलिबाग' हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. शहरातील इस्रायल आळी आणि तिथले 'मागेन अबोथ' हे प्रार्थनामंदिर आजही त्या इतिहासाची साक्ष देतात.

६/
आता समुद्राकडे. १६८० मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, छत्रपती शिवाजी महाराजांनी अलिबागसमोरच्या खडकावर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू करवले. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत ते पुढे गेले. तटाच्या बांधणीत मोठमोठे चिरे चुन्याविना एकमेकांवर रचलेले दिसतात. लाट आपटली की पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर ओसरतो. चहूबाजूंनी खारे पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याची सोय आहे. आतले गणेश पंचायतन रघूजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये उभारले.

७/
या किल्ल्याचे वैशिष्ट्य म्हणजे तो दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा जमिनीला जोडला जातो. अलिबागचा किनारा सपाट, उथळ आणि मंद उताराचा. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो, त्यामुळे पाणी मागे सरले की विस्तीर्ण ओली भूमी उघडी पडते. याच मंद उतारामुळे इथल्या लाटा दुरूनच फुटत, विरत येतात. सर्फिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या किनाऱ्यांवरची उंच, सलग लाट इथे क्वचितच उभी राहते. पावसाळ्यात समुद्र खवळतो खरा, परंतु तेव्हा तो खेळण्याजोगा राहत नाही.

८/
भरतीची वेळ काढण्याची कोळ्यांची जुनी रीत आजही उपयोगी पडते : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तर सकाळी नवाच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणजे ओहोटी भर दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला 'उधाण', अष्टमीच्या आसपास 'भांग'. भांगाच्या दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही, म्हणून पायी जाण्यापूर्वी स्थानिकांना विचारणे केव्हाही श्रेयस्कर. घड्याळ आणि वेळापत्रक नसताना आरमारे याच गणितावर चालत.

९/
त्या आरमाराचा सर्वश्रेष्ठ सेनानी म्हणजे कान्होजी आंग्रे. कुलाबा ही त्यांची राजधानी आणि किल्ल्यासमोर वसलेले अलिबाग हे त्यांचे शहर. किनाऱ्यावरचा हिराकोट त्यांनीच १७२० मध्ये बांधला. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे असा त्यांचा दंडक होता. मुंबईच्या इंग्रजांना तो मान्य नव्हता, म्हणून ते त्यांना 'चाचा' म्हणत. वस्तुतः हेच इंग्रज आणि पोर्तुगीज स्वतःही परवाने विकत होते. वाद होता तो या समुद्रावर अधिकार कुणाचा, याचा.

१०/
१७२१ च्या डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली. ब्रिटिश राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज स्वतः आपली जहाजे घेऊन आला होता. मराठ्यांच्या मदतीला तरुण पेशवा पहिला बाजीराव फौजेसह धावून आला. मोहीम फसली; पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह करून अंग काढून घेतले. आज ज्या वाळूवर घोडागाड्या फिरतात, त्या परिसरात युरोपातील दोन सागरी सत्तांना माघार घ्यावी लागली होती. तेव्हाच्या अलिबागला कुणी 'निवांत' म्हटले नसते.

११/
मग हे शहर शांत केव्हा झाले? १७२९ मध्ये कान्होजी गेले. पुढे भाऊबंदकीने आंग्र्यांचे घर दुभंगले. १८३८ मध्ये दुसरे रघूजी वारले, त्यांच्या मागे जन्मलेला मुलगाही अल्पायुषी ठरला आणि दत्तकाला मान्यता न देता १८४० मध्ये कंपनी सरकारने कुलाबा संस्थान खालसा केले. झाशी-नागपूरच्या आधी, डलहौसी भारतात येण्यापूर्वीच, हा प्रयोग इथे होऊन गेला होता. किल्ल्यावर आज गाड्यावर ठेवलेल्या दोन तोफा दिसतात. त्यांवर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे. म्हणजे त्या आंग्र्यांच्या नव्हेत, राज्य बुडाल्यानंतरच्या आहेत.

१२/
राजधानी गेली आणि कचेरी आली. शेजारी मुंबई गिरण्या, गोद्या आणि रेल्वे यांनी गजबजू लागली, तेव्हा अलिबाग वकील, कारकून आणि बागायतदारांचे गाव झाले. मुंबईपासून सरळ रेषेत अवघ्या तीसेक किलोमीटरवर असूनही ते दूर राहिले, कारण मध्ये समुद्र होता आणि जमिनीच्या वाटेवर धरमतरची खाडी. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की होड्या थांबत. प्रवासी रेल्वे तर आजही अलिबागला पोहोचलेली नाही. थळच्या खत कारखान्यासाठी टाकलेल्या मार्गावरून मालगाड्या तेवढ्या धावतात.

१३/
या दुरावलेपणाचा एक सांस्कृतिक पडसादही उमटला. 'अलिबागसे आया है क्या?' हे मुंबईतले टोमणेवजा वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१९ मध्ये त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने ती फेटाळली. विनोद बाजूला ठेवला तर त्या वाक्यामागचे गृहीतक उघड होते : अलिबागचा माणूस म्हणजे महानगराच्या चलाखीपासून अनभिज्ञ. ज्या संथपणाची मुंबईने टर उडवली, तोच संथपणा विकत घ्यायला ती आता शनिवार-रविवारी येते.

१४/
परंतु एकदा मुंबईला या संथपणाची निकड भासली होती, आणि तीही विज्ञानासाठी. मुंबईच्या कुलाब्यात १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी होत असे. हे क्षेत्र स्थिर नसते. सूर्यावरील घडामोडींनुसार ते क्षणोक्षणी किंचित हलते. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरील उद्रेकाने जगभर प्रचंड चुंबकीय वादळ उठले आणि तारायंत्रे कोलमडली. त्या वादळाच्या ज्या मोजक्या नोंदी शास्त्रज्ञांच्या हाती आहेत, त्यांत मुंबईच्या कुलाब्याची नोंद आजही अत्यंत मोलाची मानली जाते.

१५/
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईतील घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परतताना काही अंशी जमिनीत झिरपतो आणि भोवती स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. अतिसूक्ष्म बदल टिपणाऱ्या उपकरणांना हा गोंगाटच. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, त्या पदावरील पहिले भारतीय. साठेक वर्षांची अखंड नोंद वाया जाऊ द्यायची नसेल तर उपकरणे हलवणे भाग होते. जागा अशी हवी की जी मुंबईपासून फार दूर नसेल, पण जिथे वीज आणि ट्राम लवकर पोहोचणार नाहीत.

१६/
निवड झाली अलिबागची. मुंबईच्या कुलाब्यातील काम कुलाबा जिल्ह्याच्या मुख्यालयात गेले, हा नामसाम्याचा योग. नवी इमारत पोरबंदरी दगडाची बांधली गेली, कारण तो दगड चुंबकीय गुणधर्मापासून मुक्त होता. बांधकामात लोखंड टाळण्यात आले. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग दोन्हीकडे समांतर मोजणी झाली, जेणेकरून जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा अलिबागची वेधशाळा सज्ज होती.

१७/
पृथ्वीच्या चुंबकत्वाची इतकी दीर्घ आणि सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. १९७१ मध्ये या कामातून भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये, कळंबोली महामार्गालगत आहे; रोडपालीपासून हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. अलिबागला जाणारे बहुतेक प्रवासी या संस्थेच्या परिसरातून पुढे जातात आणि समुद्रकिनाऱ्याजवळच्या त्या शतकोत्तर वेधशाळेवरूनही. लोखंडाच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या कळंबोलीशेजारी लोखंडापासून दूर पळालेल्या विद्येचे मुख्यालय असावे, हा काळाचा विनोद.

१८/
अलिबागच्या उत्तरेला किहीम. १९३० मध्ये तिथल्या कुटुंबाच्या बंगलीत एक बेकार तरुण राहायला आला : सलीम अली. बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्राचे धडे घेऊन ते परतले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा निधीअभावी रद्द झाली होती. मुंबईत बिऱ्हाड करणे परवडणारे नव्हते. किहीम स्वस्त आणि शांत. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळा सुरू झाला, पक्षी घरटी विणू लागले आणि हाताशी दुसरे काम नसलेला हा माणूस दिवसचे दिवस त्यांच्याकडे पाहत बसला.

१९/
मराठी मनात 'सुगरण' ही स्त्री आहे. खोपा विणणारी माउली म्हणून तिचे कौतुक आपण बालपणापासून ऐकतो. किहीमच्या निरीक्षणांनी निराळे चित्र उलगडले. घरटे विणतो तो नर. ते अर्धेमुर्धे झाले की माद्या येऊन तपासतात. एखादीला पसंत पडले तर ती तिथे राहते आणि नर ते पूर्ण करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणायला घेतो. अंडी उबवण्याचे काम मादीकडे. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि सलीम अलींचे नाव जगभरच्या पक्षीतज्ज्ञांत पोहोचले.

२०/
किनाऱ्याला पाठ केली की डोंगर. मापगावातून शेकडो दगडी पायऱ्या चढत कनकेश्वरला जाता येते. माथ्यावर शिवमंदिर, पुष्करणी आणि भोवती दाट झाडी. वाट चढताना मागे वळले की थळ-किहीमचा सारा किनारा नकाशासारखा पसरलेला दिसतो. आग्नेयेला सागरगड उर्फ खेडदुर्ग : १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. पावसाळ्यात खंडाळे गावाकडून चढताना लागणारा धबधबा तरुणांना खेचून नेतो. थोडे वर चढून गडावर गेल्यास समुद्रावर पहारा ठेवण्यासाठी हीच जागा का निवडली, हे दृष्टीस पडते.

२१/
दक्षिणेला रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरूडच्या वाटेला लागले की फणसाडचे अभयारण्य येते. शेकरू, म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी, इथे उंच झाडांच्या शेंड्यांतून झेपा घेताना दिसते. किनाऱ्यालगत इतके रान टिकले कसे? हे जंजिऱ्याच्या नवाबाचे राखीव शिकारीचे रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. राजाच्या बंदुकीसाठी राखलेले जंगल पुढे प्राण्यांसाठी राखले गेले. भोवतालच्या गावांपुढे मात्र लाकूडफाट्यासाठी कुठवर जायचे, हा प्रश्न दोन्ही काळांत राहिला.

२२/
आता वडखळ-अलिबाग रस्त्याच्या दोन्ही अंगांना दिसणाऱ्या सपाट भातखाचरांकडे वळू. प्रवासी इथे गाडीची काच खाली करतात आणि 'काय शांत आहे' म्हणतात. हा खारेपाट. ही जमीन समुद्राने दिलेली नाही, ती समुद्राकडून हिसकावलेली आहे. खाडीकाठी मातीचे बांध घालून, उघाडी बसवून, पावसाच्या पाण्याने खार धुऊन काढत पिढ्यान्‌पिढ्यांनी ही शेते घडवली. उधाणात बांध फुटला तर खारे पाणी शिरून जमीन काही वर्षे नापीक होते. म्हणून गावाने मिळून रातोरात बांध सांधणे, हा इथला धर्मच होता.

२३/
बांध कूळ बांधी, पण जमीन नावावर असे ती खोताची. भाताचा निम्मा आणि कधी त्याहून अधिक वाटा खंड म्हणून द्यावा लागे; शिवाय भाजीपाला, कोंबड्या, वेठबिगार हे वेगळेच. कुळाचे नाव सरकारी दप्तरात नसल्याने खोताच्या मनात येईल तेव्हा जमीन काढून घेतली जाई. या व्यवस्थेविरुद्ध नारायण नागू पाटील या कार्यकर्त्याने गावोगाव सभा घेतल्या. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातील चरी गावी कुळांनी निर्णय घेतला : खोताची जमीन कसायची नाही.

२४/
शेतकऱ्याने नांगर न धरणे म्हणजे स्वतःच्याच चुलीत पाणी ओतणे. तरीही पंचवीस गावे सहा वर्षे, १९३३ ते १९३९, या निर्धारावर ठाम राहिली. शेतकऱ्यांचा इतका दीर्घ संप क्वचितच कुठे झाला असेल. माणसे करवंदे, लाकडे विकून, खाडीत मासे पकडून, मिळेल ती मजुरी करून जगली. शेते पडीक राहिली, खळी ओस पडली. खारेपाटातली तीही एक शांतताच होती. आज काच खाली करून जी अनुभवली जाते तिच्या तळाशी ही उपाशी शांतता आहे.

२५/
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी नारायण नागू पाटलांनी 'कृषीवल' हे वृत्तपत्र सुरू केले. १९३९ मध्ये कुळांच्या हक्कांना कायद्याने प्रथम मान्यता मिळाली आणि संप मिटला. पुढे १९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरून कसणारा जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला झाला. चरी हे छोटे गाव आहे. पण महाराष्ट्रातील असंख्य सातबारा उताऱ्यांच्या मागे त्याची पुण्याई आहे.

२६/
अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदाही याच कहाणीचा भाग. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर तो घेतला जातो आणि माळा विणून रस्त्याकडेला टांगला जातो. २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मानांकन मिळाले म्हणून शेत टिकतेच असे नाही. २०२० च्या मार्चपासून मुंबई-मांडवा रो-रो बोट पावसाळ्यातही चालू लागली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. ज्या खाडीने आणि ज्या पावसाळ्याने अलिबागला दूर ठेवले होते, त्यांचा अडसर उतरला. कांद्याच्या वाफ्यांशेजारी बंगल्यांची कुंपणे उभी राहत आहेत.

२७/
याच टप्प्यातून रोडपाली अर्धशतकापूर्वी गेले. कासाडीकाठचे हे गाव नवी मुंबईसाठी संपादित झालेल्या पंचाण्णव गावांच्या पट्ट्यातले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. भातशेती, मिठागरे, खाडीतील मासेमारी यांच्या जागी नगरे उभी राहिली. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले आणि जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील गोळीबारांत पाच शेतकऱ्यांना प्राण गमवावे लागले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व आले. इथे जमीन सरकारने घेतली. अलिबागला ती एकेका कुटुंबाकडून, एकेका सह्यांच्या व्यवहारात जाते आहे. म्हणून तिथे मोर्चा निघत नाही.

२८/
३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडच्या वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला पाच-सात वर्षे, नारळाला त्याहून अधिक काळ लागू शकतो. झाडे पुन्हा लावायची की जागा विकायची, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत चर्चिला गेला असणार. अलिबागच्या शांततेचे भवितव्य अशा घरगुती निर्णयांवर अवलंबून आहे. इतिहासात ते लिहिले जात नाहीत, पण भूगोल मात्र त्यांनीच बदलतो.

२९/
पुढच्या वेळी रोडपालीहून निघताना पंचांगात तिथी पाहून निघावे, म्हणजे ओहोटीला किल्ला गाठता येईल. वाटेत चरीला क्षणभर थांबावे. शहरात कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, तिथे जावे. चुंबकीय वेधशाळेसमोरून जाताना मोटारीचा भोंगा न वाजवला तर बरे. भोंग्याने चुंबकसूची हलत नाही, पण त्या वास्तूचा मान राखला जाईल. परतीच्या वाटेवर रस्त्याकडेच्या बाईकडून कांद्याची एक माळ घ्यावी आणि भावावरून फार घासाघीस करू नये. सहा वर्षे उपास काढून मिळवलेल्या जमिनीचे ते पीक असू शकते.

धागा समाप्त. आपल्या घरात कूळकायद्याच्या, खारेपाटातल्या बांधांच्या किंवा कुलाबा जिल्ह्याच्या कचेरीच्या आठवणी सांगणारे कुणी वडीलधारे असतील, तर त्या खाली अवश्य नोंदवाव्यात. लिहिल्या नाहीत तर त्या त्यांच्यासोबतच जातील.